फायलीतलं चौथं पान

१

फायलीत तिसऱ्या पानानंतर एकदम पाचवं पान होतं.

चाळणीनं बोट जिभेला लावून पानं पुन्हा उलटली. एक, दोन, तीन, पाच, सहा. मग तिनं चष्म्यावरून समोरच्या आर्थिक सल्लागाराकडे पाहिलं. त्या नजरेनं एकतीस वर्षांत भल्याभल्यांची बोबडी वळली होती.

"चौथं पान कुठंय?"

"असायला हवं," सल्लागार म्हणाला. त्याचा गोरा चेहरा कागदासारखा झाला होता. "आरोग्याची माहिती चौथ्या पानावरच असते. मी स्वतः लिहिलं होतं ते, त्यांची सही घेऊन."

"तेच तर विचारतेय. कुठंय?"

चाळणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीच्या दावे विभागात तिच्या हाताखालच्या लोकांनी ते ठेवलं होतं, आधी पाठीमागे आणि मग तोंडावर. तिला ते आवडायचंही. माणसांनी अर्जात मारलेली थाप तिच्या हातून कधी निसटली नाही. थाप सापडली की ती त्या पानाचा वरचा कोपरा मागे दुमडायची, पुन्हा एकदा दुमडायची आणि त्यावरून नख फिरवायची. दावा नामंजूर झाला की अर्ज त्या दुमडीसकट घरच्यांकडे परत जायचा. वर्षभरात सर्वांत जास्त थापा पकडल्याबद्दल मिळालेल्या नऊ ढाली तिच्या घरी कपाटावर होत्या, आणि आतापर्यंत किती पकडल्या तो आकडा तिला तोंडपाठ होता. गेल्या वर्षी ती निवृत्त झाली.

आणि दोन महिन्यांपूर्वी तिच्याच धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला त्याच कंपनीनं खोटारडा ठरवलं.

तो घड्याळं दुरुस्त करायचा. छातीत कळ आली म्हणून दवाखान्यात नेला तर डॉक्टरांनी ताबडतोब ऑपरेशन सांगितलं. कंपनीचं उत्तर तीन तासांत आलं. अर्जातल्या सातव्या प्रश्नाला, रक्तदाब किंवा आधी झालेला कुठला आजार आहे का याला, 'नाही' असं उत्तर देऊन अर्जदारानं माहिती दडवली आहे, सबब दावा नामंजूर. प्रत्यक्षात आठ वर्षं रक्तदाबाची गोळी चालू होती. पैशांची जमवाजमव होईपर्यंत तिसरी सकाळ उजाडली, आणि त्या सकाळी घड्याळजी गेला.

धाकटी रडली, मग गप्प झाली, आणि तेव्हापासून तिचं एकच चाललं होतं. "त्यांनी सांगितलं होतं गं ताई. माझ्यासमोर सांगितलं होतं. त्यांनी लपवलं नाही, एवढं कुणीतरी लिहून द्या मला."

शुक्रवारी तक्रार मंडळापुढे सुनावणी होती. आज मंगळवार होता. धाकटीला ते एक वाक्य हवं होतं. चाळणीला मात्र माणूस हवा होता. ज्यानं कुणी 'नाही' लिहिलं त्याला ती उभा सोलणार होती, आणि तसं तिनं घड्याळजीच्या फोटोपुढे उभं राहून मोठ्यानं सांगितलंही होतं.

२

सल्लागाराच्या ऑफिसात माणसं तीनच. सल्लागार, त्याचा धाकटा भाऊ, आणि बाहेरच्या टेबलावर कागदपत्रं सांभाळणारी टायपिस्ट.

सल्लागाराची ख्याती अशी की तो पैशांचं नंतर बोलायचा. पहिल्या भेटीला येताना औषधांची पिशवी घेऊन या, असं तो प्रत्येकाला सांगायचा. "माणूस घर कशात बुडतं ते सांगत नाही मॅडम, पिशवी सांगते," तो म्हणाला. "म्हातारपणी दवाखाना किती खाणार याचा अंदाज बांधल्याशिवाय मी एका पैशाची गुंतवणूक सुचवत नाही. घड्याळजींच्या पिशवीतली गोळी मी स्वतः पाहिली. चौथ्या पानावर उतरवून घेतली."

"मग अर्जात 'नाही' कसं आलं?"

"अर्ज मी भरत नाही. माझी सहा पानं बाहेर जातात, त्यावरून टायपिस्ट अर्ज भरते, भाऊ सही आणतो, आणि तीच त्याची प्रत काढून कंपनीला पाठवते. मूळ अर्ज फायलीत राहतो."

"म्हणजे तुम्ही काखा वर केल्या."

चाळणीला ही जात ठाऊक होती. गोड बोलायचं, जाड पुस्तकासारखा आराखडा बांधून द्यायचा आणि वेळ आली की कानांवर हात ठेवायचे. चौथं पान यानंच फाडलं, तिनं मनाशी पक्कं केलं.

तिनं फायलीतला मूळ अर्ज काढला. सातव्या प्रश्नाचं पान आलं तेव्हा त्याचा वरचा कोपरा मागे दुमडलेला होता. हाताची खोड जात नाही, असं स्वतःशी पुटपुटत तिनं तो अंगठ्यानं सरळ केला. सातव्या प्रश्नापुढे छापील अक्षरात 'नाही' होतं. खाली घड्याळजीची सही होती. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणारा माणूस, पण सही करताना त्यानं भिंग खिशातच ठेवलेलं दिसत होतं.

भाऊ तरतरीत होता, बूट चकचकीत, बोलणं त्याहून चकचकीत.

"दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती," तो म्हणाला. "जिथं फुली मारली होती तिथं त्यांनी सही केली. वाचलं नाही. कुणीच वाचत नाही हो मॅडम."

"आणि तुमचं कमिशन झालं."

"ते तर होणारच. हप्त्यावर असतं ना ते." मग चाळणीचा चेहरा पाहून त्यानं आवाज खाली आणला. "पण मी फक्त कागद नेतो आणि आणतो. आत काय लिहिलंय ते मीही बघत नाही."

टायपिस्टशी बोलायला ती बाहेर आली. पस्तिशीची, शांत, केस घट्ट बांधलेली बाई. टेबलासमोर एक लाकडी बाक होता आणि त्यावर कुणीही नव्हतं.

"बसा," टायपिस्ट मान वर न करता म्हणाली. "बोलावते."

ऑफिसात दुसरं चिटपाखरू नव्हतं. तरी चाळणी वीस मिनिटं त्या बाकावर बसून राहिली. आल्या आल्या, सल्लागाराला भेटायच्या आधीही, हिनं तिला असंच बसवलं होतं. बाक अरुंद होता, पाठ टेकायला जागा नव्हती.

शेवटी टायपिस्टनं उत्तर दिलं ते एका ओळीचं. "माझ्याकडे जी पानं येतात त्यावरून मी अर्ज भरते. चौथं पान आलं असेल तर भरलं असेल. तीन वर्षं झाली, आठवत नाही."

जाताना चाळणीला उगाच वाटलं की आपल्या पाठीवर कुणाची तरी नजर आहे. वळून पाहिलं तर टायपिस्ट टंकत होती.

३

"कंपनीनं पाठवलेली अर्जाची प्रत काढ," घरी आल्यावर चाळणी म्हणाली. "आणि सल्लागारानं दिलेला तो आराखडाही."

धाकटीनं दोन्ही आणलं. प्रत हातात देताना ती करवादली. "साधी प्रतसुद्धा धड काढता येत नाही मेल्यांना. बघ, कोपऱ्यात काळं करून ठेवलंय."

चाळणीनं तिकडे लक्ष दिलं नाही. ती आराखडा चाळत होती. सव्वीसाव्या पानावर शीर्षक होतं, दवाखान्याच्या खर्चाची तरतूद. त्याखाली रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी दरमहा रक्कम होती. खाली आरोग्यविम्याचा अंदाजे हप्ता, आणि त्यापुढे कंसात: रक्तदाब कळवल्यामुळे वाढीव दर धरला आहे.

तिनं ते वाक्य तीनदा वाचलं.

"हप्ता एवढाच यायचा का गं?"

"नाही, कमी आला होता. हे इतके खूश झाले होते, ताई. उरलेल्या पैशांत दुकानाला तो नवा दिवा आणला." धाकटी थांबली. "त्या दिव्याखाली बसूनच त्यांनी..."

चाळणीनं बहिणीच्या पाठीवर हात ठेवला. मनातून मात्र ती चिडली होती, कारण तिची शिकार हातची निसटत होती. ज्याला आजार दडवायचा आहे तो ते जाड पुस्तकात छापून गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. सल्लागार हलगर्जी होता, हप्ता कमी का आला हे विचारायचे कष्टही त्यानं घेतले नव्हते. पण 'नाही' त्याचं नव्हतं.

मग भाऊ? कमिशनसाठी माणसं काय वाट्टेल ते करतात. पण कमिशन हप्त्यावर होतं, आणि आजार लिहिला असता तर हप्ता वाढला असता. या 'नाही'मुळे भावाच्या खिशातले पैसे उलट कमी झाले होते.

चाळणी खुर्चीत मागे रेलली. एकतीस वर्षांत तिनं थापा मारणाऱ्यांच्या सगळ्या तऱ्हा पाहिल्या होत्या. पैसे वाचवायला मारतात, लाजेपोटी मारतात, घाईत मारतात. ही थाप मात्र कुणाच्याच कामाची नव्हती.

"मग लिहिली कशाला?" ती स्वतःशीच म्हणाली.

तिची नजर कंपनीच्या प्रतीवर गेली. सातव्या प्रश्नाचं पान. वरच्या कोपऱ्यात काळा त्रिकोण.

तिनं प्रत ओढून दिव्याखाली धरली.

४

कागदाचा कोपरा मागे दुमडलेला असताना प्रत काढली तर त्या जागी काळा त्रिकोण येतो. कंपनीकडे ही प्रत गेली तीन वर्षांपूर्वी. म्हणजे सकाळी सल्लागाराच्या ऑफिसात जो कोपरा तिनं सरळ केला तो तिच्या हाताच्या खोडीनं दुमडलेला नव्हताच. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी तो दुमडून मग प्रत काढून कंपनीला पाठवली होती. भाऊ सही घेऊन आल्यावर कागद ज्या हातात गेला, त्याच हातानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या वेळी चाळणी दारात होती. सल्लागार आणि त्याचा भाऊ दुपारशिवाय यायचे नव्हते.

"बसा," टायपिस्ट म्हणाली. "बोलावते."

"आज नाही बसणार," चाळणी म्हणाली आणि फाईल मागून घेतली. अर्जाचं पान खिडकीच्या उजेडात धरलं. कोपऱ्यावर एक नाही, दोन घड्यांच्या रेषा होत्या, शेजारी शेजारी, नखानं दाबलेल्या. बाकीची सगळी पानं कोरी करकरीत.

तिनं पिशवीतून एक कोरा कागद काढला. त्याचा कोपरा मागे दुमडला, पुन्हा दुमडला, त्यावरून नख फिरवलं आणि कागद टायपिस्टच्या टेबलावर ठेवला.

दुसरं कुणी असतं तर कागदाकडे पाहिलं असतं, कोपरा सरळ केला असता, निदान हे काय म्हणून विचारलं असतं. टायपिस्टनं कागदाकडे पाहिलंच नाही. तिनं टंकणं थांबवलं आणि सरळ चाळणीच्या डोळ्यांत पाहिलं.

"अर्ज तू भरलास," चाळणी म्हणाली. "चौथं पान समोर असताना 'नाही' लिहिलंस. त्यातून कुणाला दमडी मिळाली नाही. कारण ही थाप पैशांसाठी नव्हतीच. ती सापडावी म्हणून लिहिली होतीस. शोधणाऱ्याचा वेळ जाऊ नये म्हणून वर खूणही करून ठेवलीस. माझी खूण. ती फक्त माझ्या विभागातल्या माणसांना ठाऊक आहे, नाहीतर ज्यांच्या घरी मी अर्ज परत पाठवला त्यांना. तू माझ्या विभागात कधी नव्हतीस."

"नव्हते," टायपिस्ट म्हणाली. "मी बाकावर होते."

५

"माझ्या वडिलांचं मूतखड्याचं ऑपरेशन होतं," ती सांगू लागली. आवाज चढला नाही की थरथरला नाही. "सातव्या प्रश्नाला त्यांनी 'नाही' लिहिलं होतं. त्याच्या दोन वर्षं आधी त्यांना महिनाभर खोकला झाला होता. त्याला आजार म्हणतात हे त्यांना माहीत नव्हतं. तुम्ही ते शोधून काढलंत. आई तुमच्या ऑफिसात अकरा वेळा आली, मी तिच्यासोबत. तुम्ही दर वेळी म्हणायचात, बसा, बोलावते. अकराव्या वेळी बोलावलंत आणि अर्ज हातात दिलात. ही दुमड दाखवून म्हणालात, इथं खोटं बोललात तुम्ही. ऑपरेशन लांबलं, विष अंगात भिनलं. पाच आठवड्यांत वडील गेले."

चाळणीनं आठवायचा प्रयत्न केला. खोकला, मूतखडा, बाकावरची बाई आणि मुलगी. तिला काही म्हणता काही आठवेना. एवढी पाठांतराची बाई, आणि तो चेहरा तिच्या लेखी कुठं नव्हताच.

"तुम्हाला आठवणार नाही ते मला ठाऊक होतं," टायपिस्ट म्हणाली. "घड्याळजी इथं आले तेव्हा दुसऱ्या पानावर प्रश्न होता, नात्यात विमा कंपनीत कुणी आहे का. त्यांनी मोठ्या कौतुकानं तुमचं नाव सांगितलं. म्हणाले, आमच्या बायकोच्या ताईला चाळणी म्हणतात, तिच्या हातून काही सुटत नाही. मी इथं बसून ऐकलं. सोळा वर्षं वाट पाहिली होती मी, आणि तुम्ही मला अशा घरबसल्या सापडलात."

"माझ्यावर सूड उगवायचा तर माझ्यावर उगवायचास. त्या गरीब माणसानं तुझं काय वाकडं केलं होतं?"

"काही नाही. चांगले होते ते. माझं घड्याळ त्यांनी फुकट दुरुस्त करून दिलं होतं." पहिल्यांदाच तिची नजर खाली गेली. "दावा तुमच्या टेबलावर यायला हवा होता. तुमची दुमड पाहून तुम्हीच चरकायला हवं होतं. मग तुमच्या बहिणीनं तुमच्यासमोर बाकावर बसायला हवं होतं. हेलपाटे घालावेत, एवढंच होतं माझ्या मनात. तुम्ही आधीच निवृत्त झालात. आणि तुम्ही तयार केलेल्या माणसानं तुमच्यासारखंच काम केलं. तीन तासांत."

"तो मेला," चाळणी दातओठ खात म्हणाली. "तुझ्या एका शब्दानं मेला."

"मरावं असं नव्हतं वाटलं मला. पण माझे वडील मेले तेव्हा तुम्हाला तरी तसं कुठं वाटलं होतं?"

रस्त्यावरून एक गाडी गेली आणि खिडकीची काच थरथरली. चाळणीला तिच्या कानाखाली जाळ काढायचा होता. हात उठेना.

"चौथं पान जाळलंस?"

टायपिस्टनं खण उघडला आणि तळाशी ठेवलेलं पाकीट काढलं. त्यात एक पान होतं. सल्लागाराचं अक्षर: रक्तदाब, पाच वर्षांपासून, रोज एक गोळी. खाली घड्याळजीची सही आणि तीन वर्षांपूर्वीची तारीख.

"आई म्हणायची, कागद जपून ठेव, ती माणसं कागदच विचारतात." तिनं पाकिटावर हात ठेवला. "हे देते. त्याआधी मला एक लिहून द्या. माझ्या वडिलांनी काही लपवलं नव्हतं, असं. तुमच्या सहीनं."

शब्द तेच होते. गेले दोन महिने ती घरी रोज तेच ऐकत होती.

"हे घेऊन मी तुला सोडेन असं समजू नकोस," ती म्हणाली. "तू काय केलंस ते मंडळापुढे सगळं सांगणार आहे. तुला खडी फोडायला पाठवल्याशिवाय मी राहणार नाही."

"सोडू नका," टायपिस्ट म्हणाली. "मीही नाही सोडलं. चला, मी स्वतःच येते."

चाळणीनं टेबलावरचा तो कोरा कागद ओढला, कोपरा सरळ केला आणि लिहायला बसली. एका पानाला तिला तासभर लागला.

६

शुक्रवारी तक्रार मंडळाच्या शिपायानं तिघींची नावं लिहून घेतली आणि बाकाकडे बोट दाखवलं.

"बसा. बोलावतो."

टायपिस्ट एका टोकाला बसली, चाळणी दुसऱ्या. मध्ये धाकटी. तिला सगळं सांगून झालं होतं. ती ऐकून रडली नव्हती. टायपिस्टकडे तिनं एकदा असं पाहिलं की चाळणीलाही तिकडे बघवेना.

फाईल धाकटीच्या मांडीवर होती. वर चौथं पान होतं. तिनं नवऱ्याच्या सहीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. त्याखाली टायपिस्टचा कबुलीजबाब होता, तो तिनं वाचला. त्याखाली तिच्या ताईच्या वळणदार अक्षरातला कागद होता, एका अनोळखी माणसाच्या खोकल्याबद्दल. तो तिनं फार सावकाश वाचला. सगळ्यांत खाली अर्ज होता. त्याच्या कोपऱ्यावरच्या दोन रेषांना तिनं हात लावला.

"ताई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि चाळणीला त्याचीच भीती वाटली. "अशी किती पानं दुमडलीस गं?"

चाळणीला आकडा तोंडपाठ होता. त्याच आकड्यासाठी कंपनीनं पुन्हा पुन्हा तिचा सत्कार केला होता, त्याच आकड्याच्या नऊ ढाली घरी कपाटावर होत्या, आणि कुणीही विचारला तर ती तो अभिमानानं सांगत आली होती. आता तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. बाकाच्या त्या टोकाला टायपिस्ट मान वळवून उत्तराची वाट पाहत होती.

आतून शिपाई आला आणि म्हणाला, अजून थोडं थांबावं लागेल. तिघी थांबल्या.